मामलेदाराचं एकतिसावं कुलूप

"मामलेदार, उद्या तुमची परीक्षा," पिंजऱ्यापुढे उभे राहून बाबा म्हणाले. "पेपर अवघड काढलाय. मागाहून रडायचं नाही."

मामलेदारानं डोक्यावरचा तुरा उभा केला, मान तिरकी करून एका डोळ्यानं कुलूप पाहिलं, दुसऱ्यानं बाबांना पाहिलं आणि शिंकल्यासारखा आवाज काढला.

"बघ शरू, आत्ताच घाम फुटला त्याला."

"घाम नाही बाबा. शेंगदाणा हवाय."

"परीक्षेआधी खाऊ नये. सुस्ती येते."

तो मार्गशीर्षातला गुरुवार होता आणि कऱ्हाडात चांगली थंडी पडली होती. बाबांच्या डोक्यावर माकडटोपी, हातात एकतिसावं कुलूप. अडीच महिने खपून घडवलेलं, पितळी, मुठीएवढं. त्यांनी ते पिंजऱ्याच्या कोयंड्यात अडकवलं आणि कडी दाबली. टक्. बाबांच्या जमलेल्या कुलपांचा आवाज असाच असायचा, जिभेनं टाळ्याला हळूच स्पर्श करावा तसा. बंद करायला किल्ली लागत नसे. ती त्यांनी जानव्याला बांधून सदऱ्याच्या आत सोडून दिली.

मामलेदार म्हणजे आमचा काकाकुवा. कबुतराहून थोडा मोठा, पांढरा शुभ्र, चोचीच्या मुळाशी मात्र गुलाबी, नुकताच विडा खाऊन तोंड पुसायचं राहिल्यासारखा. हसनमियाँ परकारांनी तो दिला होता. ते तीस वर्षं बोटीवर खानसामा होते. पूर्वेकडच्या कुठल्याशा बेटांवरचं हे पाखरू त्यांना एका खलाशानं दिलं, त्यांनी ते निवृत्तीबरोबर कऱ्हाडला आणलं, आणि माझी आई गेल्यावर सात महिने बाबा दुकानात नुसते बसून राहिले तेव्हा एका संध्याकाळी बुद्धिबळाच्या पटाशेजारी पिंजरा आणून ठेवला.

"पांचाळ, हा तुझ्याकडे राहू दे. माझ्या सुनेच्या सगळ्या साड्यांना यानं खिडक्या पाडल्या."

पहिल्याच दिवशी तो टेबलावर उतरला आणि पाठीमागे हात बांधल्यासारखा डुलत चालत त्यानं आमच्या संसाराची तपासणी केली. अडकित्ता पाहिला, चष्मा पाहिला, विजेचं बिल पाहिलं आणि फाडलं. "मामलेदार आहे," बाबा म्हणाले. नाव पडलं.

त्या रात्री त्यानं पिंजऱ्याची कडी चोचीनं सरकवली. दुसऱ्या दिवशी बाबांनी तिला छोटंसं कुलूप घातलं. तिसऱ्या दिवशी सकाळी कुलूप उघडं आणि मामलेदार फडताळावर, बाबांच्या औषधाच्या बाटलीचं बूच खात बसलेला. बाबा पाहत राहिले. मग हसले. सात महिन्यांनी. हसता हसता खोकला लागला, पाणी द्यावं लागलं.

"माझं कुलूप!" ते म्हणाले. "बावीस वर्षांत कुणी चोरानं उघडलं नाही!"

त्या दिवशी ते दुकानात गेले ते कानस घेऊन बसले. दुसरं कुलूप चार दिवस टिकलं. तिसरं नऊ दिवस. पाच-सहा कुलपांनंतर ही गोष्ट गावभर झाली, आणि बाबांनी दुकानावर पाटी लावली: 'मामलेदार-परीक्षित कुलपे'. प्रत्येक नमुन्याखाली चिठ्ठी असे, मामलेदाराला किती दिवस लागले त्याची. गिऱ्हाईक यायचं आणि म्हणायचं, "घराला नऊ दिवसांचं द्या, गोठ्याला चार दिवसांचं चालंल." एकदा एकजण भांडायला आला. सात दिवसांचं कुलूप नेलं होतं, तरी चोरी झाली.

"कितव्या दिवशी?" बाबांनी विचारलं.

"म्हंजे?"

"लावल्यापासून कितव्या दिवशी झाली?"

"महिना झाला असंल."

"मग? सातच सांगितले होते."

तो माणूस विचारात पडला आणि नऊ दिवसांचं घेऊन गेला.

गुरुवारी संध्याकाळी बाबा बाजारातून आले. पिशवीतून मेथी निघाली, पेरू निघाले आणि केसांच्या आकड्यांचं एक पाकीट निघालं.

"हे कशाला?"

"स्वस्त होतं."

"मागच्या आठवड्यातले आहेत अजून."

"असू दे. तुझे हरवतात फार." त्यांनी माकडटोपी काढून खुंटीला लावली. "केस एवढेसे, आणि आकडे एवढे कसे लागतात कोण जाणे. तुझ्या आईला वर्षाला एक पाकीट पुरायचं."

मी मेथी निवडायला घेतली. बाबा पिंजऱ्यापाशी गेले. रोज संध्याकाळी ते मामलेदाराशी बोलत. धंद्यातल्या गोष्टी सांगत, कुठल्या कुलपाला काय चुकलं, खटका कुठल्या बाजूनं उचलायचा होता, घाई कशी नडली. त्याला तरी काय कळायचं? तो तोवर त्यांच्या सदऱ्याचं बटण कुरतडत असे.

"एक सांगून ठेवतो, मामलेदार," त्या दिवशी ते म्हणाले. "याला पलीकडून बघा. समोरून गेलात तर जन्म जाईल."

"परीक्षकानं पेपर फोडू नये," मी म्हणाले.

"नापास झाला तर शिकवणाऱ्याची बदनामी होते," बाबा म्हणाले, आणि पेरू चिरायला बसले.

शुक्रवारी सकाळी ते उठून आले तेव्हा मी चुलीपाशी होते. कुलूप बंद होतं. मामलेदार आत होता. आपलं कुलूप टिकलं म्हणून बाबा खूश व्हायला हवे होते. ते थोडा वेळ पिंजऱ्यापुढे उभे राहिले.

"जमलं नाही का?" त्यांनी विचारलं.

"नाही," मी म्हणाले.

म्हटल्यावर लक्षात आलं की ते मामलेदाराला विचारत होते. मी चहा गाळू लागले. बाबांनी वळूनसुद्धा पाहिलं नाही.

"घाई नाही," ते पिंजऱ्याला म्हणाले. "उद्या बघू."

दुपारी बाराच्या सुमाराला बाबांच्या शेजारच्या सायकल दुकानाचे मारुतीभाऊ वाचनालयात आले. मी तिथं चौदा वर्षं नोकरीला होते. मारुतीभाऊ वर्तमानपत्र चाळायला रोज यायचे आणि दारात चप्पल काढायला मी रोज सांगायची. त्या दिवशी त्यांनी न सांगता चप्पल काढली. तेव्हाच मला कळलं.

बाबा दुकानात स्टुलावर बसलेलेच होते. समोर एक पत्रा होता, त्यावर नव्या कुलपाची आखणी, आणि कानावर पेन्सिल.

माणूस गेल्यावर घरात शहाणी माणसं खूप जमतात आणि साध्या गोष्टी हमखास राहून जातात. सोनाआत्यानं, म्हणजे बाबांच्या थोरल्या बहिणीनं, सगळं हाती घेतलं. माझा धाकटा भाऊ अरविंद पुण्याहून आला. तुळस, गंगाजल, नवं धोतर, सगळं आठवलं. जानव्याला बांधलेली किल्ली कुणाला आठवली नाही. तिसऱ्या दिवशी अस्थी गोळा करताना अरविंदनं राखेतून वाकडातिकडा पितळेचा तुकडा उचलला.

"हे काय?"

"किल्ली," मी म्हणाले.

"कसली?"

"मामलेदाराची."

आत्या म्हणाली, "त्याची हाय, त्याच्याबरोबर जाऊ द्या." ती अस्थींबरोबर कृष्णेत गेली. मामलेदार कोठडीत राहिला.

अरविंदनं करवत आणली. बाबांच्या कुलपानं तीन पाती खाल्ली आणि अंगावर ओरखडा येऊ दिला नाही. पिंजरा बोटीवरच्या लोखंडाचा, त्याचे गज हलेनात. आम्ही गजांमधून शेंगदाणे द्यायचो, वाटी आत सरकवायचो. खालचं तबक बाहेर निघायचं, पण पुढच्या सळीच्या मागे काय पडलं तर हात पोचत नसे. पहाटे दूध यायच्या आधी मी पिंजऱ्यापाशी बसायची. मामलेदार ओरडत नव्हता. दांडीवरून उतरून कुलपाशेजारी येऊन बसायचा आणि माझ्या हातांकडे बघत राहायचा.

नवव्या दिवशी अरविंद म्हणाला, "ताई, दुकानाचं मी बोलून ठेवलंय. उसाच्या रसवाला आहे एक, चांगला माणूस आहे. दहावं झालं की त्याला ताबा देऊन जातो. तू काही काळजी करू नकोस."

"बरं," मी म्हणाले. आमच्या घरात मी बहुतेक वेळा 'बरं'च म्हणत आले.

दहाव्याला आम्ही घाटावर गेलो. गुरुजींनी विधी झटपट उरकले, कारण मागे दुसरे यजमान बसले होते. पिंड मांडले. पानावर बाबांच्या आवडीचं ठेवलं: भजी, जिलबी, पेरूची फोड आणि विडी. आम्ही सगळे मागे सरलो आणि कावळ्याची वाट बघू लागलो.

कावळे होते. पलीकडच्या करंजावर पंधरा-सोळा बसले होते. एकही हलेना.

"काही इच्छा राहिली असेल," गुरुजी म्हणाले. "आठवा आणि शब्द द्या."

अरविंद पुढे झाला. गोटा केलेल्या डोक्यानं तो दहा वर्षांचा वाटत होता. "बाबा, वर्षश्राद्ध चुकवणार नाही."

कावळ्यांनी ऐकून घेतलं.

आत्या पानाकडे टक लावून बघत होती. "भजी कसली हायत ही?"

"बटाट्याची."

"मेलं तुमचं! माझा भाऊ जन्मात बटाट्याची खात न्हवता. कांद्याची आणा!"

मारुतीभाऊ सायकलवर गेले आणि गाड्यावरची कांद्याची भजी घेऊन आले. गरम होती. घाटावरच्या सगळ्यांना वास आला. मागच्या यजमानांतल्या एका म्हाताऱ्यानं आवंढा गिळला. कावळे ढिम्म.

मारुतीभाऊंनी खाकरून घसा साफ केला. "शेट, तुमचा बारा नंबरचा पाना माझ्याकडं हाय. दोन वर्षं झाली. तुम्ही शोधत होता तवा मी बी शोधायला लागलो होतो. उद्या आणून ठेवतो."

एक कावळा पंख झाडून पुन्हा बसला.

"हलला!" आत्या म्हणाली. "असलंच काहीतरी हाय. बोला, बोला सगळ्यांनी!" आणि स्वतः पदर खोचून पुढे झाली. "केशवा, संक्रांतीला तुझा लाल पतंग फाटला, त्यो मी फाडला. मांजराचं नाव सांगितलं. तू त्या मांजराला काठी घेऊन पळवलंस, त्ये कधी परत आलं न्हाई." तिचे डोळे भरून आले, पतंगासाठी की मांजरासाठी ते कळलं नाही.

हसनमियाँ वरच्या पायरीवर बसले होते. ते उठले, टोपी सारखी केली. "पांचाळ, गेल्या दिवाळीतला डाव. तू पाणी प्यायला आत गेलास तेव्हा मी घोडा एक घर सरकवला. डाव तुझा होता, भाई."

कावळा एक फांदी खाली आला. तो तिथं बसून पोट साफ करून परत वर गेला.

"दर्भाचा कावळा करून शिवायला शास्त्रात हरकत नाही," गुरुजी घड्याळ बघत म्हणाले.

"थांबा हो गुरुजी," आत्या म्हणाली. "त्याचा जीव त्या पाखरात अडकलाय. पिंजरा आणा!"

मारुतीभाऊ आणि हसनमियाँ रिक्षा घेऊन गेले. वीस मिनिटांनी मामलेदार रिक्षातून घाटावर आले, पिंजरा हसनमियाँच्या मांडीवर, कुलूप जागच्या जागी. पिंजरा पायरीवर ठेवला. मामलेदारानं तुरा उभा करून नदी पाहिली, गुरुजी पाहिले, गुरुजींना बघून शिंकल्यासारखा आवाज काढला.

अरविंद हात जोडून म्हणाला, "बाबा, मामलेदाराची काळजी नको. त्याला मी पुण्याला नेतो."

मामलेदारानं अशी किंचाळी फोडली की मागच्या यजमानांची समई विझली. झाडावरचे सोळाही कावळे एकदम कावले आणि गप्प झाले.

"न्हाई म्हंतात," आत्या म्हणाली. मग ती माझ्याकडे वळली. "शरू, तू काय बोलली न्हाईस."

"मी काय बोलू?"

"सगळी बोलली. परका माणूस पान्याचं बोलला. तू पोटची."

सगळे माझ्याकडे बघत होते. बाबांचं काय अडलंय ते मला पहिल्या भज्यापासून ठाऊक होतं.

मी दहा वर्षांची होते तेव्हा बाबांनी मला दुकानात स्टुलावर उभं करून कुलूप उघडायला शिकवलं. "हातानं नाही उघडत, कानानं उघडतं," ते म्हणायचे. मला जमायचं. अरविंदला कधी जमलं नाही, त्याला आवडही नव्हती. मी चौदाची झाले तेव्हा आत्यानं माझे काळे झालेले हात उलटसुलट करून बघितले आणि म्हणाली, असल्या हाताच्या पोरीला कोण करून घेईल? दुसऱ्या दिवशी बाबांनी मला स्टुलावरून उतरवलं आणि पुस्तकं आणून दिली. हात स्वच्छ राहिले. लग्न कुठं झालं तरी? बाबांनी विचारलं नाही, मी बोलले नाही. मी खूप पुस्तकं वाचली.

मामलेदारानं उघडली ती फक्त कडी. पहिलं कुलूप त्या पहाटे तो गजांवर आपटत होता. बाबा कितीतरी महिन्यांनी शांत झोपले होते, त्यांना जाग येऊ नये म्हणून मी केसातला आकडा काढून ते उघडलं आणि त्याला बाहेर सोडलं. ते उठल्यावर मी सांगणार होते. पण बाबा हसले. सात महिन्यांनी हसलेल्या माणसाला काय सांगायचं? मग त्यांनी दुसरं केलं. मग तिसरं. गावातल्या दारादारांवर जी कुलपं होती ती खाली चार दिवस, सात दिवस, नऊ दिवस असं लिहून बाबांनी विकली होती, ते सगळे दिवस माझे होते. एकतिसावं मात्र मला दहा पहाटे उघडलं नाही. अकरा आकडे मोडले. तुकडे पिंजऱ्यात पडले.

आणि हे मी घाटावर, दोन यजमानांच्या मंडळींसमोर बोलायचं? बाबांनी दोन वर्षं सगळ्या कऱ्हाडाला छाती फुगवून सांगितलेली गोष्ट खोटी होती म्हणून? रसवाल्याच्या दुकानात लोक ग्लास हातात घेऊन हसले असते.

"मला काही बोलायचं नाही," मी म्हणाले.

गुरुजींनी दर्भ घेतला आणि कावळा वळायला सुरुवात केली.

टक्.

तो आवाज बाकी कुणाच्या ध्यानात आला नाही. मी वळले. मामलेदार गजाला लटकला होता, एका पायानं कुलूप धरून. चोचीत मोडक्या आकड्याचा तुकडा होता. कुलूप उघडं होतं.

मी पिंजऱ्याशी वाकले. कुलपाची पाठ आतल्या बाजूला, त्याच्याकडे होती. तिथं खालच्या कडेला एक बारीकशी फट होती, आकडा जाईल एवढी. कुलूप कोयंड्यात फिरत नसे, त्यामुळे बाहेरून ती दिसणंच शक्य नव्हतं. समोरचं किल्लीचं भोक आकड्याला नुसता चकवा होता. याला पलीकडून बघा, बाबा म्हणाले होते. दहा दिवस तो बघत बसला होता, आणि त्याआधी दोन वर्षं माझे हात.

मामलेदारानं दार ढकललं आणि तो पायऱ्या उतरू लागला. एकेक पायरी, डुलत, पाठीमागे हात बांधल्यासारखा. लोक बाजूला झाले. त्यानं पानापाशी जाऊन तपासणी केली. पेरू पाहिला. जिलबी पाहिली. कांद्याच्या भज्यावर पाय ठेवला, तेलकट लागलं म्हणून उचलला. मग चोचीतला तुकडा पायात घेतला आणि विडी उचलली.

"शिवला!" आत्या ओरडली.

"हा कावळा नव्हे," गुरुजी म्हणाले.

"मग काय हाय? काळा न्हाई म्हणून न्हाई म्हंताय व्हय?"

"शास्त्रात काक म्हटलंय."

"काकाकुवा, गुरुजी," हसनमियाँ वरून म्हणाले. "नावात दोनदा आहे."

गुरुजींनी दर्भाचा अर्धा कावळा खाली ठेवला आणि डोळे मिटून घेतले.

"पण पिंजरा उघडला कुणी?" अरविंद म्हणाला.

"त्यानंच," मारुतीभाऊ म्हणाले. "मामलेदारच त्ये. आजवर तीस उघडली, हे एकतीस. शेटनी सांगितलंच हुतं की गावाला."

सगळ्यांनी माना डोलावल्या. घाटावर कुणालाच नवल वाटलं नाही. नवल फक्त मला वाटलं.

मामलेदार विडी टाकून माझ्याकडे आला, पदराला धरून खांद्यापर्यंत चढला. पायात आकड्याचा तुकडा अजून होता. तो त्यानं माझ्या कानामागे केसात खोचायचा प्रयत्न केला. लागलं. मी हात वर करून तुकडा घेतला. गुरुवारच्या पाकिटातला होता. 'स्वस्त होतं,' बाबा म्हणाले होते. दोन वर्षं दर आठवड्याला त्यांना बाजारात आकडे स्वस्त मिळत होते. दर संध्याकाळी मी चार हातांवर भाजी निवडत असताना ते एका पाखराला खटका कुठून उचलायचा ते समजावून सांगत होते. आणि शुक्रवारी सकाळी, जमलं नाही का, असं त्यांनी विचारलं तेव्हा उत्तर कुणी दिलं ते पाहायलाही ते वळले नव्हते.

मी पिंडापुढे जाऊन उभी राहिले. हात जोडले.

"बाबा," मी म्हणाले, "कुलपं मी उघडत होते. तुम्ही आणलेल्या आकड्यांनी."

करंजावरचा एक कावळा उडाला आणि समोरच्या पायरीवर येऊन बसला. मान वाकडी करून त्यानं माझ्याकडे पाहिलं, पुढे मात्र आला नाही.

"मोठ्यानं बोल गं," मागून आत्या म्हणाली. "कुणालाच ऐकू येत न्हाई."

वाचनालयात चौदा वर्षं काढलेल्या बाईचा आवाज मोठा नसतो. मी छाती भरून श्वास घेतला. खांद्यावर मामलेदारानं तुरा उभा केला.

"तीस कुलपं मी उघडली, बाबा! एकतिसावं यानं उघडलं! आणि अरविंद, तूही ऐक. उद्या सकाळी दुकान मी उघडते!"